संदर्भनिर्देशांचे वजन आणि विद्वत्तेचे मोल : दा. ध. कोसंबी यांच्या निमित्ताने

प्रास्ताविक

अध्यापकाचे संशोधन किती मोलाचे आहे, हा प्रश्न पूर्वी त्या त्या विषयातील जाणकार विचारीत आणि उत्तरही तेच देत. गेल्या दीड-दोन दशकांत हा प्रश्न जाणकारांच्या हातून तक्त्याच्या हाती गेला आहे. पदोन्नतीचा प्रस्ताव, मार्गदर्शक म्हणून मान्यता, महाविद्यालयाचे मूल्यांकन, राष्ट्रीय क्रमवारी अशा निरनिराळ्या टप्प्यांवर शोधनिबंधांची संख्या, त्यांना मिळालेले संदर्भनिर्देश, एच-निर्देशांक आणि सहलेखकांचा तपशील मागितला जातो. नवी मुंबईत खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक' या कर्करोग संशोधन केंद्रातील जीवशास्त्रज्ञ आणि तेथून काही किलोमीटरवरील कला व वाणिज्य महाविद्यालयातील मराठीचे प्राध्यापक यांना एकाच प्रकारच्या आकड्यांनी ओळखले जाण्याची वेळ आली आहे. आकडे एका जातीचे असले की त्यांमागील कार्यही एका जातीचे आहे, असा समज सहज दृढ होतो.

हा समज कितपत टिकतो, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७-१९६६) यांच्या कार्याच्या आधारे केली आहे. कोसंबींची निवड दोन कारणांनी समर्पक ठरते. गणित, संख्याशास्त्र, आनुवंशिकी, नाणकशास्त्र, संस्कृत पाठसमीक्षा आणि प्राचीन भारताचा इतिहास इतक्या क्षेत्रांत त्यांचा प्रभाव निर्विवाद आहे. त्यामुळे मापनपद्धती त्यांना कशी मोजते यावरून त्या पद्धतीचीच परीक्षा होऊ शकते. दुसरे असे की, कोसंबी हे मोजमापाचे विरोधक नव्हते. हजारो प्राचीन नाणी तराजूत तोलून त्यांवरून इतिहासाचे निष्कर्ष काढणारे ते संशोधक होते. कशाचे वजन करावे, ते कसे करावे आणि त्यावरून किती बोलावे, याचा वस्तुपाठच त्यांच्या कार्यात आहे.

मापनपद्धतींचा उगम

संदर्भनिर्देश, ज्याला ग्रंथालयशास्त्रात सायटेशन म्हणतात, त्याची सूची करण्याची कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडली आणि १९६४ मध्ये 'सायन्स सायटेशन इंडेक्स' प्रसिद्ध होऊ लागला. मुळात हे शोधाचे साधन होते. एखाद्या जुन्या निबंधावर पुढे कोणी काय लिहिले, हे वाचकाला सापडावे हा त्याचा हेतू होता. नियतकालिकाचा प्रभावांक म्हणजेच इम्पॅक्ट फॅक्टर हाही सूचीत कोणती नियतकालिके घ्यावीत हे ठरविण्यासाठी पुढे आला. एखाद्या नियतकालिकातील मागील दोन वर्षांच्या लेखांना चालू वर्षात सरासरी किती संदर्भनिर्देश मिळाले, एवढेच तो सांगतो. त्यातील एका विशिष्ट लेखाविषयी तो काहीही सांगत नाही.

व्यक्तीला मोजणारा एच-निर्देशांक २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी सुचविला. ज्या संशोधकाच्या 'एच' इतक्या निबंधांना प्रत्येकी किमान 'एच' संदर्भनिर्देश मिळाले आहेत, त्याचा निर्देशांक 'एच' होय. गणना सोपी असल्याने तो झपाट्याने रूढ झाला. परंतु त्याची रचना पाहता एक गोष्ट लक्षात येते. ज्याचे तीनच निबंध आहेत आणि प्रत्येकाला हजार संदर्भनिर्देश आहेत, त्याचा निर्देशांक तीनच राहतो. ज्याचे दहा निबंध आहेत आणि प्रत्येकाला दहाच संदर्भनिर्देश आहेत, त्याचा मात्र दहा होतो. सातत्याला बक्षीस आणि असाधारण कृतीकडे दुर्लक्ष हा या निर्देशांकाचा स्वभाव आहे.

व्यक्तीचा अभ्यास करण्याची याहून सविस्तर परंपरा नवी मुंबईपासून खाडीपलीकडे, तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात वाढली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. त्या केंद्रातील बी. एस. कडेमनी, व्ही. एल. कल्याणे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून सी. व्ही. रामन, एस. चंद्रशेखर, होमी भाभा आदी शास्त्रज्ञांची 'विज्ञानमितीय व्यक्तिचित्रे' प्रसिद्ध केली. शास्त्रज्ञाने कोणत्या वयात किती निबंध लिहिले, कोणत्या उपविषयांत लिहिले, कोणाबरोबर लिहिले, कोणत्या नियतकालिकांत लिहिले, याची संगतवार मांडणी या अभ्यासांत असते. एका आकड्याऐवजी संपूर्ण कार्यकाळ समोर ठेवणारी ही पद्धत निश्चितच अधिक जबाबदार आहे. तथापि संबंधित व्यक्तीचे लेखन सूचीबद्ध, एका भाषेतील आणि ओळखता येण्याजोग्या शाखांत विभागलेले असावे, हे गृहीत या पद्धतीतही आहेच. कोसंबींच्या बाबतीत हे गृहीतच डळमळते.

न मोजले जाणारे संदर्भनिर्देश

कोसंबी १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन भारतात परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यानंतर १९३३ ते १९४५ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत होते. पुढे १९६२ पर्यंत ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. त्यांचे सर्वाधिक वापरले गेलेले दोन गणिती निबंध ते महाविद्यालयीन अध्यापक असतानाचे आहेत, ही बाब महाविद्यालयीन संशोधनाच्या चर्चेत लक्षणीय आहे.

यांपैकी पहिला निबंध १९४३ साली इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात यादृच्छिक फलनाचे परस्परलंब घटकांत विघटन करण्याची रीत मांडली होती. हीच रीत पुढे फिनलंडमधील कारी कारहुनेन आणि फ्रान्समधील मिशेल लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि जगभर ती 'कारहुनेन-लोएव्ह विस्तार' या नावाने ओळखली गेली. प्रतिमांचे संकोचन, प्रवाहांतील खळबळीचा अभ्यास अशा अनेक ठिकाणी ती वापरली जाते. कोसंबींचे नाव त्या जोडणीत आता काही लेखक घालतात; बहुतेक घालीत नाहीत. कल्पना त्यांनी आधी मांडली, पण संदर्भनिर्देश इतरांच्या खात्यावर जमा झाले.

दुसरा निबंध १९४४ सालचा, 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकातील, अवघ्या चार पृष्ठांचा आहे. गुणसूत्रावरील दोन जनुकांत पुनर्संयोजन किती वेळा होते यावरून त्यांच्यातील अंतर कसे काढावे, हा त्याचा विषय. हाल्डेन यांनी १९१९ मध्ये दिलेल्या सूत्रात एका ठिकाणच्या अदलाबदलीचा शेजारच्या अदलाबदलीवर परिणाम होत नाही, असे धरले होते. कोसंबींनी हा परिणाम हिशेबात घेणारे फलन दिले. आज पिकांच्या जनुकीय नकाशांवर काम करणाऱ्याला 'कोसंबी फलन' परिचित असते. नकाशे तयार करणाऱ्या संगणक-प्रणालींत हाल्डेन की कोसंबी एवढाच पर्याय निवडायचा असतो. नाव निवडले जाते, निबंधात लिहिलेही जाते, परंतु १९४४ चा मूळ निबंध पुष्कळदा संदर्भसूचीत येत नाही. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे वर्णन केले आहे. कल्पना इतकी अंगवळणी पडते की तिचा उगम सांगण्याची गरजच कोणाला वाटत नाही. अर्थात प्रभाव एका मर्यादेपलीकडे गेला की संदर्भनिर्देश वाढण्याऐवजी थांबू लागतात. कमी संदर्भनिर्देश म्हणजे कमी प्रभाव, हे समीकरण येथे उलटे होते.

याउलट संदर्भनिर्देश असूनही त्यामागे मान्यता नसते, अशीही उदाहरणे कोसंबींच्याच चरित्रात सापडतात. रीमान गृहीतकासंबंधीचा त्यांचा १९५९ चा निबंध कृषिसंख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात आला. त्यातील दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही. त्या निबंधाचा उल्लेख होतो तो मुख्यतः फसलेला प्रयत्न म्हणून. गणनेत मात्र खंडनार्थ केलेला निर्देश आणि ऋणनिर्देश दोन्ही एकच भरतात.

संदर्भनिर्देशाच्या विश्वासार्हतेवर कोसंबींनी तरुणपणी केलेले भाष्य तर अधिकच बोलके आहे. १९३१ साली त्यांनी एका निबंधात 'बुर्बाकी' नावाच्या अप्रसिद्ध रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचे सामान्यीकरण केल्याचे लिहिले. असा गणितज्ञ नव्हताच. अलीगढला असलेले फ्रेंच गणितज्ञ आंद्रे वेय यांच्या सूचनेवरून केलेली ती थट्टा होती आणि पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या प्रसिद्ध मंडळाने तेच नाव धारण केले. म्हणजे अस्तित्वात नसलेल्या विद्वानालाही संदर्भनिर्देश मिळू शकतो, हे त्यांनी संगणकयुगाच्या कितीतरी आधी दाखवून दिले. २०१० मध्ये ग्रेनोबल येथील सिरिल लाबे यांनी यंत्राने रचलेल्या निरर्थक निबंधांच्या बळावर 'आयके अंतकारे' नावाचा काल्पनिक शास्त्रज्ञ उभा केला आणि गूगल स्कॉलरवर त्याचा एच-निर्देशांक ९४ पर्यंत नेला. १९३१ ची थट्टा माणसाने वाचण्यासाठी होती. २०१० च्या प्रयोगात वाचणारे कोणी नव्हतेच, मोजणारे यंत्र तेवढे होते.

नावांचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. कोसंबींनी १९६० च्या दशकात काही गणिती निबंध 'एस. डुक्रे' या टोपणनावाने लिहिले. शिवाय हार्वर्ड प्राच्यविद्या मालेचा ४१ वा खंड, 'विसुद्धिमग्ग', हा त्यांचे वडील धर्मानंद कोसंबी यांनी संस्कारित केलेला आहे, तर ४२ वा खंड, 'सुभाषितरत्नकोश', दामोदर कोसंबींनी वा. वि. गोखले यांच्यासह संपादिला आहे. एकाच मालेतील लागोपाठचे दोन खंड, एकच आडनाव, एकच आद्याक्षर! पितापुत्रांची विद्या वेगळी ओळखण्यास जाणकाराला क्षणही लागत नाही. नाममात्रावर चालणाऱ्या सूचीला मात्र हे काम अवघड आहे.

सर्वांत मोठी त्रुटी व्याप्तीची आहे. विज्ञानाची सूची १९६४ पासून, सामाजिक शास्त्रांची १९७३ पासून आणि कला व मानव्यविद्यांची १९७८ पासून निघू लागली. ग्रंथांमधील संदर्भनिर्देशांची वेगळी सूची २०११ मध्ये आली. कोसंबींचे 'अ‍ॅन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' हे पुस्तक १९५६ चे. रामशरण शर्मा, रोमिला थापर, इरफान हबीब यांच्या पिढीच्या इतिहासलेखनावर त्याचा परिणाम प्रामुख्याने ग्रंथांतून व वर्गांतून झाला. मराठीतील विद्याव्यवहाराची स्थिती तर याहून बिकट आहे. वि. का. राजवाडे यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या २२ खंडांवर मराठी इतिहासलेखनाचा केवढा डोलारा उभा आहे! पण त्या डोलाऱ्यातील तळटीपा जागतिक सूचींच्या दृष्टीने जणू लिहिल्याच गेल्या नाहीत. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म लहान पुस्तिकांतून व किरकोळ नियतकालिकांतून मांडला. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिल्यावर त्यांचे नाव जगभर झाले. कार्य तेच होते, फक्त ते दिसण्याची जागा बदलली.

सहकार्याचे गणित

संशोधकाचा प्रभाव मोजण्याचे दुसरे परिमाण म्हणजे सहकार्य. १९८३ मध्ये के. सुब्रमण्यम यांनी सुचविलेला 'सहकार्यांश' यासाठी वापरला जातो. एकूण निबंधांपैकी एकाहून अधिक लेखकांच्या निबंधांचे प्रमाण म्हणजे सहकार्यांश. शंभर निबंधांपैकी वीस सहलेखनातील असतील, तर तो ०.२ येतो. प्रायोगिक विज्ञानात हा अंश एकच्या जवळ असतो. २०१५ मध्ये हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी प्रसिद्ध झालेल्या निबंधाचे लेखक ५,१५४ होते. ज्या दोन प्रयोगगटांनी तो लिहिला, त्यांपैकी एकात कोसंबींच्या जुन्या संस्थेचा, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा, सहभाग आहे. त्याच संस्थेत कधीकाळी कोसंबींसारखा प्रामुख्याने एकट्याने लिहिणारा गणिती होता. दोघांना एकाच सहकार्यांशाने मापणे म्हणजे नांगर आणि लेखणी यांची धार एकाच कसोटीवर तपासणे होय.

कोसंबी सहकार्यापासून दूर होते, असे मात्र नाही. भारतातील जन्मदराच्या ऋतुमानानुसार होणाऱ्या चढउतारांवर त्यांनी एस. राघवाचारी यांच्यासह लिहिले. पत्ते पिसण्यातून साधणाऱ्या यादृच्छिकतेवर यू. व्ही. राममोहन राव यांच्यासह लिहिले. 'सुभाषितरत्नकोशा'त गोखले त्यांचे सहसंपादक होते. परंतु त्यांच्या कार्यातील फार मोठे सहकार्य सहलेखनाच्या रूपात नोंदले गेलेले नाही. त्यांच्या १९३३ मधील निबंधावर एली कार्तां यांनी त्याच नियतकालिकाच्या त्याच खंडात टिपण लिहिले. १९३९ मध्ये एस. एस. चर्न यांनी तो विषय पुढे नेला. आज तो सिद्धांत कोसंबी, कार्तां व चर्न या तिघांच्या नावे ओळखला जातो. तिघांनी मिळून एकही निबंध लिहिलेला नाही. सहलेखनाच्या हिशेबात हे सहकार्य शून्य भरते.

दुसऱ्या बाजूला पुणे परिसरातील वाडीवस्तीवरचे लोक, धनगर, गुरव, पुजारी यांच्याशी बोलून, ग्रामदैवतांची ठाणी पायी पाहून कोसंबींनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी'सारख्या ग्रंथाची सामग्री मिळविली. हे सर्व जण ज्ञानाचे भागीदार होते, लेखक नव्हते. मानव्यविद्यांतील सहकार्य बहुधा याच जातीचे असते. ते प्रस्तावनेत, ऋणनिर्देशात आणि तळटीपांत राहते; सूचीत येत नाही.

नियमावलीच्या तक्त्यात कोसंबी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये अध्यापकांसाठी गुणाधारित निर्देशांक आणला आणि १८ जुलै २०१८ च्या विनियमांत संशोधनगुणांचा सुधारित तक्ता दिला. त्यानुसार विज्ञानशाखांत एका शोधनिबंधाला ८ आणि भाषा, मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांत १० गुण आहेत. त्यावर नियतकालिकाच्या प्रभावांकानुसार भर पडते. राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या ग्रंथाच्या लेखकास १०, आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या ग्रंथास १२. ग्रंथाच्या संपादकास अनुक्रमे ८ व १०.

या तक्त्यात कोसंबींना बसवून पाहणे उद्बोधक ठरते. भर्तृहरीच्या नावावरील सुभाषितांची त्यांची चिकित्सक आवृत्ती १९४८ मध्ये मुंबईतून सिंघी जैन ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. तिच्यासाठी त्यांनी ३७७ हस्तलिखितांचा धांडोळा घेतला. कोणती सुभाषिते मूळची आणि कोणती मागाहून चिकटलेली, याची छाननी केली. संपादकीय कार्य म्हणून या आवृत्तीला ८ गुण पडतात, म्हणजे भाषाविषयातील एका शोधनिबंधापेक्षा दोन कमी. तिला लेखन मानण्याची उदारता दाखविली तरी ती एका निबंधाच्या बरोबरीला येते. १९५६ चा इतिहासग्रंथ मुंबईच्या पॉप्युलर बुक डेपोने काढला. त्याला १० गुण, पुन्हा एका निबंधाइतकेच. हार्वर्डचा 'सुभाषितरत्नकोश' १० गुणांचा. पण संपादक दोन असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला ७.

सहलेखनाचा नियमही तपासण्यासारखा आहे. दोन लेखक असतील तर प्रत्येकास ७० टक्के गुण. अधिक असतील तर प्रमुख लेखकास ७० टक्के आणि इतर प्रत्येकास ३० टक्के. म्हणजे एकट्याने लिहिलेला निबंध १०० टक्के गुण निर्माण करतो, दोघांचा १४० टक्के आणि पाच जणांचा किमान १९० टक्के. निबंध एकच, श्रमही बहुधा तेवढेच. नावे वाढली की गुणांची बेरीज वाढते. सहकार्यास उत्तेजन हा या नियमाचा हेतू प्रशंसनीय आहे, परंतु न लिहिणाऱ्याचे नाव घालण्याचा मोह त्यातून वाढतो, हे महाविद्यालयीन वर्तुळात कोणापासून लपलेले नाही. लेखकांच्या संख्येने गुण भागून देण्याची अपूर्णांकी गणना विज्ञानमितीत फार पूर्वीपासून ज्ञात आहे. तक्त्याने ती स्वीकारली नाही.

मोजण्याची सक्ती आली की मोजता येणाऱ्या वस्तूंचा बाजारही येतो. आयोगाने मे २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राच्या साहाय्याने २०१९ मध्ये 'यूजीसी-केअर' यादी सुरू झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद करण्यात येऊन निवडीची जबाबदारी संस्थांवर सोपविण्यात आली. जानेवारी २०२५ च्या मसुदा विनियमांत गुणांऐवजी 'उल्लेखनीय योगदान' पाहण्याचा विचार मांडला गेला. यादी येते, फुगते, छाटली जाते, बंद होते. या सर्व फेऱ्यांत निबंध वाचण्याचे काम मात्र कोणावरच सोपविले गेले नाही, हा या इतिहासाचा मथितार्थ आहे.

मापनाची बाजू

चिकित्सा एकांगी होऊ नये, यासाठी मापनाच्या समर्थनार्थ मांडले जाणारे मुद्देही विचारात घेणे क्रमप्राप्त आहे. जाणकारांचा निर्णय नेहमीच न्याय्य असतो, असे नाही. १९६२ मध्ये टाटा संस्थेतील कोसंबींच्या नियुक्तीचे नूतनीकरण झाले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचा हरिओम आश्रम पुरस्कार त्यांना १९८० मध्ये, निधनानंतर चौदा वर्षांनी मिळाला. निवड समित्यांतील ओळखी, गट आणि जातिभेद यांचा अनुभव घेतलेल्या अध्यापकाला तक्ता हा आधारच वाटतो. तक्ता निदान सर्वांना सारखाच कोरडा असतो. दुर्गम भागातील महाविद्यालयातून आलेल्या उमेदवारास 'अमुक निबंध, अमुक गुण' एवढे म्हणता येणे, हे लहानसहान संरक्षण नव्हे.

हा मुद्दा मान्य करूनही एक भेद लक्षात ठेवावा लागतो. पक्षपात रोखण्यासाठी किमान अट म्हणून आकडा वापरणे वेगळे आणि विद्वत्तेची उतरंड लावण्यासाठी तोच आकडा वापरणे वेगळे. पहिल्या उपयोगात आकडा दार उघडतो. दुसऱ्यात तोच न्यायाधीश होऊन बसतो. २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने नियतकालिकाच्या प्रभावांकावरून व्यक्तीचे मूल्य ठरवू नये, असे म्हटले. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्याने संख्यात्मक निर्देशक जाणकारांच्या निर्णयास पूरक असावेत आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचे रक्षण व्हावे, असे सांगितले. हे दोन्ही जाहीरनामे मापन जाणणाऱ्यांच्या पाठिंब्याने पुढे आले, मापनाच्या द्वेष्ट्यांनी नव्हे, ही बाब महत्त्वाची आहे.

नाण्यांच्या वजनाचा धडा

कोसंबींनी आहत नाण्यांवर १९४० पासून जे काम केले, त्याची पद्धत येथे मार्गदर्शक ठरते. चांदीचे नाणे हातोहात फिरताना झिजते. अधिक काळ चलनात राहिलेले नाणे हलके होते. परंतु एकाच नाण्याच्या वजनावरून काही ठरत नाही, कारण टाकसाळीतून निघतानाच वजनांत थोडाफार फरक असतो. म्हणून कोसंबींनी एका निधीतील, एका चिन्हसमूहाची नाणी एकत्र घेतली आणि गटाची सरासरी व विचलन पाहिले. नाण्याच्या मागील बाजूवरील तपासणीच्या खुणा जसजशा वाढतात तसतसे सरासरी वजन घटते, हे त्यांना दिसले. तेव्हा कोठे त्यांनी कालक्रमाविषयी विधान केले.

या पद्धतीतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, मापन गटाविषयी बोलते, व्यक्तीविषयी नाही. एखाद्या विषयशाखेचा किंवा संस्थेचा कल संदर्भनिर्देशांवरून समजू शकतो. एका अध्यापकाच्या वीस-पंचवीस निबंधांवरून तेवढे खात्रीचे विधान संभवत नाही. दुसरी, गट एकजिनसी असला पाहिजे. निरनिराळ्या टाकसाळींची नाणी एकत्र मिसळून सरासरी काढणारा नाणकशास्त्रज्ञ हास्यास्पद ठरेल. रसायनशास्त्र आणि मराठी साहित्य यांचे निर्देशांक शेजारी मांडणारी समिती मात्र ठरत नाही. तिसरी आणि सर्वांत मार्मिक, कमी वजन हे कमी मोलाचे लक्षण नसते. जे नाणे सर्वाधिक हातांतून गेले तेच सर्वाधिक झिजले. कोसंबी फलनाचा वापर जसजसा रुळला तसतसे त्याच्या जनकाचे मूळ निबंधातील नाव झिजत गेले. तराजू बरोबर होता; वाचणाऱ्याला झिजेचा अर्थ ठाऊक असणे आवश्यक होते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, संदर्भनिर्देश आणि सहकार्य यांची गणना निरुपयोगी नाही. परंतु तिचा अर्थ लावणारा जाणकार वजा केला की ती दिशाभूल करते. महाविद्यालयीन स्तरावर यातून काही व्यवहार्य सूचना निघतात. मूल्यमापनाच्या वेळी अध्यापकाने सर्व प्रकाशनांच्या यादीबरोबर स्वतःच्या दृष्टीने महत्त्वाच्या तीन किंवा चार कृती सादर कराव्यात आणि समितीतील विषयतज्ज्ञांनी त्या प्रत्यक्ष वाचून लेखी अभिप्राय द्यावा. निर्देशांकांची तुलना त्याच विषयशाखेत व समान सेवाकाळाच्या मर्यादेत करावी. चिकित्सक आवृत्ती, कोशकार्य, अनुवाद आणि क्षेत्रकार्य यांना लागणाऱ्या वर्षांचा हिशेब गुणांत उतरावा. मराठी ग्रंथ व नियतकालिकांतील संदर्भनिर्देशांची सूची करण्याचे काम विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांनी हाती घ्यावे. तुर्भ्याच्या अभ्यासकांनी शास्त्रज्ञांसाठी जे केले ते मराठी विद्वानांसाठीही करता येण्याजोगे आहे. सहलेखकांनी निबंधातील आपला वाटा एका वाक्यात नमूद करण्याची प्रथा महाविद्यालयीन नियतकालिकांनी सुरू करावी. तिला खर्च काहीच नाही.

१९४४ साली पुण्यातील एका गणिताच्या अध्यापकाने चार पृष्ठांचा निबंध लिहिला तेव्हा त्याचे मोल कोणत्याही तक्त्याला सांगता आले नसते, आणि आजच्या तक्त्यालाही ते सांगता येत नाही. असा निबंध आज एखाद्या महाविद्यालयाच्या कपाटात पडून असेल, तर तो ओळखण्याचा मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे कोणीतरी तो वाचणे.